आई उशीकाकूंकडे यायची

उशीकाकू सकाळी उठल्या की स्वप्न सांगून होईपर्यंत कुणाशी एक अक्षर बोलत नसत. दूधवाल्याला बोटानंच किती लिटर ते दाखवायच्या, काकांनी काही विचारलं तर मान हलवायच्या, आणि पदर सावरत, ओठ घट्ट मिटून, रस्ता ओलांडून आमच्या घरी यायच्या. आमच्या स्वयंपाकघरातल्या पाटावर बसल्या की मग तोंड उघडायचं. "वैनी, ऐका," म्हणाल्या की आई गॅस बारीक करायची. ऐकणाऱ्यानं मध्ये बोलायचं नाही, 'हं'सुद्धा म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम. "मदी हं केलं की सपान बुजतंय," असं त्यांचं म्हणणं. माझी आई बाबांना एक वाक्य धड पुरं करू देत नसे. ती या बाईपुढे चाळीस वर्षं रोज सकाळी गप्प बसली.

मला ते लहानपणापासून खुपायचं. उगाच सोज्वळपणाचा आव कशाला आणू? मी शाळेचा गणवेश घालून, हातात रिबिनी घेऊन उभी असायची आणि आई म्हणायची, "थांब गं जरा, काकूंचं होऊ दे." काकूंचं व्हायचं, तोवर रिक्षावाले मामा हॉर्न मारायला लागलेले असायचे. मलकापुरातल्या त्या शाळेत मी कितीतरी दिवस वाकड्या वेण्यांनी गेले. कारण काय, तर काकूंना स्वप्नात कृष्णेच्या घाटावर हत्ती दिसला होता.

त्यांचं माहेर सांगलीकडचं, जैन शेतकऱ्याचं घर. तिथल्या आजीकडून त्या ही झाडपाल्याची विद्या घेऊन आल्या होत्या. तळहाताएवढी छोटी उशी शिवायची, जुन्या मऊ सुती लुगड्याची. तिच्यात वाळा, जटामांसी, किंचित वेखंड आणि सावलीत वाळवलेला दवणा भरायचा. ती आपल्या डोक्याखालच्या मोठ्या उशीच्या अभ्र्यात सरकवायची. शिवाय ब्राह्मीची चार पानं दुधात उकळून, वर जायफळाचं एक घासणं देऊन ते प्यायचं. मग म्हणे स्वप्नं ठळक पडतात आणि सकाळपर्यंत टिकतात. कंदमुळं काकूंना वर्ज्य, म्हणून मुळ्या कधी पोटात घ्यायच्या नाहीत. "जमिनीखालचं उशाखाली, जमिनीवरचं पोटात," असं त्या प्रत्येकीला बजावून सांगायच्या. गल्लीतल्या पोरांनीच त्यांना 'उशीकाकू' नाव दिलं आणि त्यांनीही ते आनंदानं वागवलं.

बायका यायच्या त्यांच्याकडे. कुणाला गेलेला भाऊ बघायचा असायचा, कुणाला लष्करातल्या नवऱ्याची खुशाली हवी असायची. काकू कुणालाच हमी देत नसत. एकदा एकजण म्हणाली, कानातलं हरवलंय, कुठं पडलंय ते दिसंल का? काकू फाडकन म्हणाल्या, "सपान म्हंजे काय गुगल हाय व्हय गं? ज्याला याचंय त्योच येतोय. आपण निस्तं दार उघडं ठेवायचं." पुढे व्हॉट्सॲप आलं तेव्हा त्यांच्या लेकीनं सांगितलं, आई, स्वप्न बोलून रेकॉर्ड करून ठेव. "शिळं करून कशाला ठेवू? ऐकणारं समोर हाय की," म्हणाल्या. समोर म्हणजे आमची आई.

दर दोन महिन्यांनी दुपारी त्या दोघी आमच्या पायरीवर बसून उशा भरायच्या. कराडच्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेलं काकू निवडायच्या, निसायच्या, मापानं भरायच्या. शिवायचं काम आईचं. आईचा टाका बारीक आणि इतका दाट, की त्यातून वेखंडाची पूडसुद्धा बाहेर येत नसे. काकूंचा टाका लांब आणि ढिला, पोत्याला घालतात तसा. "ह्या हातानं शिवली तर सपनं गळून जातील," असं स्वतःच म्हणून हसायच्या. मी एकदा म्हटलं, आई, मलाही एक उशी शिव ना. आई म्हणाली, "तुला कशाला? तुला पडल्या पडल्या झोप लागते." मला झोपेसाठी नको होती हे तिच्या लक्षातच आलं नाही.

मी शिरवळला नोकरीला लागले. कारखान्यात, पॅकिंगच्या तपासणीवर. महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायची, दोन दिवस राहायची. बाबा गेले, मग काका गेले, आणि समोरासमोरच्या दोन घरांत या दोघी उरल्या. आई आजारी पडली तेव्हा काकू तिच्याच खोलीत झोपायला लागल्या. मला फोनवर आई सांगायची, "काळजी करू नको, काकू आहेत." दरवेळी तेच. काकू आहेत! हो, आहेत, माहीत आहे मला.

आई गेली त्या दिवशी आमच्या कारखान्यात परदेशी पाहुणे तपासणीला यायचे होते. काकूंचा सकाळी फोन आला, "रेखा, ये गं, वैनीचं काय खरं दिसंना." मी म्हटलं, दुपारी निघते. निघाले. पोचले तेव्हा आईच्या कपाळाला काकू बुक्का लावत होत्या. मी विचारलं, शेवटी काही बोलली का? "मांजर आत येईल, दार लोटून घ्या म्हणाली," काकूंनी सांगितलं. एवढंच. तेही माझ्याशी नाही, त्यांच्याशी. मी रडले ते खरं, पण त्या रडण्यात निम्मी जळफळ होती. ती कुणाला दिसली नाही म्हणून बरं.

आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिरवळला कंपनीच्या बससाठी उभी असताना फोन वाजला. "ऐक. वैनी आलती." काकू सांगत होत्या, आणि मी सवयीनं गप्प. आई म्हणे आमच्या पायरीवर बसून शेंगा फोडत होती. मोतिया रंगाचं लुगडं. म्हणाली, ह्या साली शेंगा पोचट निघाल्या. एवढं बोलून दाणे ओच्यात घेऊन आत गेली. काकूंचा आवाज नुसता फुलला होता. मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि बसमध्ये जाऊन बसले. अहो, माझी आई! मी तिच्या पोटची. आणि ती शेंगा फोडायला जाते समोरच्या बाईच्या स्वप्नात?

मग ते आठवड्याचंच झालं. आई यायची, चहात साखर जास्त झाली म्हणायची, गॅसची नळी बदलून घ्या म्हणायची, कधी नुसतीच केस विंचरत बसायची. काकू मला सगळं सांगायच्या. त्यांना वाटायचं, लेकीला बरं वाटेल. मला बरं वाटत नव्हतं. मला काहीही चाललं असतं. माझ्यावर रागावली असती, का आली नाहीस म्हणून फाडफाड बोलली असती, तरी मी पदर पसरून घेतलं असतं. मला फक्त एकदा ती बघायची होती. शेवटची. जी मी बघितली नाही.

शेवटी मीच लाज सोडून काकूंकडे उशी मागितली. त्यांनी लगेच शिवून दिली, त्यांच्या त्या पोत्याच्या टाक्यानं. मी सगळं नियमानं केलं. ब्राह्मी कुंडीत लावली, दूध उकळलं, जायफळ घासलं. स्वप्नं पडली, नाही असं नाही. चांगली लख्ख पडली. खोकी, लेबलं, सुपरवायझरची शिट्टी. एकदा पूर्ण शिफ्ट पडली, जेवणाच्या सुट्टीसकट! काकूंना सांगितलं तर त्यांनी वैद्यासारखी उलटतपासणी घेतली. "दूध कवा पितीस?" म्हटलं, शिफ्ट सुटल्यावर, रात्री. "आगं बाई, दिवस मावळायच्या आत प्याचं!" मी म्हटलं, काकू, ते तुम्ही सूर्यास्तानंतर काही घेत नाही म्हणून. औषधाचा नियम आहे का तो? त्या म्हणाल्या, "काय की बाई. मी जलमात रात्रीचं पिऊन बघिटलंच न्हाई." मी दोन आठवडे पहिली पाळी मागून घेतली आणि उन्हात बसून दूध प्याले. आई आली नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं की गोम उशीत आहे. काकूंच्या उशीत काहीतरी आहे, जे त्यांनी मला दिलेलं नाही. एका रविवारी मलकापूरला गेले. काकू सकाळी बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन देवळात, गेल्या होत्या. किल्ली कुठे असते ते मला लहानपणापासून ठाऊक. आत गेले, त्यांच्या अभ्र्यात हात घातला, त्यांची उशी घेतली आणि माझी तिथे ठेवली. चोरीच ही. पन्नाशीला आलेल्या बाईनं म्हाताऱ्या शेजारणीच्या अंथरुणात केलेली.

आमच्या बंद घरात येऊन मी ब्लेडनं ती उसवली. आत काहीच नव्हतं. म्हणजे होतं, पण भुगा. वास मेलेला, दवण्याची राख झालेली. शिळ्या मालावरून अख्ख्या गल्लीला झापणाऱ्या बाईनं स्वतःची उशी आई गेल्यापासून बदललीच नव्हती. का नव्हती, ते मला हातातल्या तुकड्याकडे बघून कळलं. टाका बारीक होता. दाट. आईच्या हातची शेवटची शिवण होती ती, ती उसवावी लागू नये म्हणून काकूंनी भुगा तसाच ठेवला होता. आणि मी ती टराटर कापून काढली होती. मी जमिनीवर बसून ते दोऱ्याचे तुकडे वेचले. मोठमोठ्यानं रडले. झाडपाल्याचा काही संबंधच नव्हता हो. चाळीस वर्षं जिच्यापुढे रोज सकाळी बसली तिच्याकडेच आई परत जात होती. माझ्या वाट्याला महिन्याचे दोन दिवस होते.

एवढं कळल्यावर तरी माणसानं शहाणं व्हावं की नाही? दुसऱ्या दिवशी सकाळी शिरवळला काकूंचा फोन आला. "उशी तुझ्याकडं हाय ते हात लावल्याबरुबर कळलं मला. असू दे. एवढंच सांग, काल वैनी माझ्याकडं आली न्हाई. तुझ्याकडं आली का?" त्या आवाजात मी आयुष्यात पहिल्यांदा हेवा ऐकला. त्यांना माझा हेवा! मला इतका आनंद झाला, की मी म्हटलं, "हो. आली होती." आणि रचून सांगितलं. आई आली, माझ्या केसांवरून हात फिरवला, वेणी घातली, जेवलीस का विचारलं. काकूंनी सगळं ऐकलं, हं न म्हणता. मग हळूच म्हणाल्या, "माझं काय म्हणली?"

मी म्हटलं, "काही नाही."

त्यानंतर काकूंचा सकाळचा फोन बंद झाला. मी करायची ती दिवाळीला, संक्रांतीला, आणि त्या "बरं हाय" म्हणायच्या. आईचं नाव निघायचं नाही. गुडघे गेले, तशी लेकीनं त्यांना सांगलीला नेलं. मी ती उशी परत भरली होती, ताज्या वाळ्यानं, आणि जमेल तितक्या बारीक टाक्यानं शिवली होती. ती पर्समध्ये घेऊन दीड वर्ष हिंडले. मग लेकीचाच निरोप आला की आता येऊन जा, म्हणून सांगलीला गेले.

काकू खिडकीशी पलंगावर होत्या, एवढ्याशा झालेल्या. लेक चहा करायला आत गेली. मी उशी त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगठ्यानं शिवण चाचपली. "ही तुझी शिवण," म्हणाल्या.

"काकू, मी उसवली ती. आईची होती. मी फाडली."

"मग काय झालं? जुनं झालं की उसवतंय."

"आणि त्या दिवशी सांगितलेलं स्वप्न खोटं होतं. आई माझ्याकडे आली नव्हती. कधीच आली नाही."

मला वाटलं, रडतील, नाहीतर तोंड फिरवतील. त्या हसल्या. दात नव्हते, तरी चांगल्या मोकळ्या हसल्या.

"मला तवाच ठाऊक हुतं, रेखा. वैनी आली आणि माझी चौकशी केली न्हाई, असं हुईल व्हय कवा?"

"मग फोन का बंद केलात?"

"तुला ऐकवत न्हवतं म्हणून. ती येतीया आपली अजून. परवा आलती."

मी त्यांचा हात धरून बसले होते, माफी मिळाली होती, आणि पंधरा दिवसांत त्या जाणार हे दोघींनाही दिसत होतं. तरी खरं सांगते, त्या घटकेलाही मला हेवाच वाटला. इतकी खात्री मला आजवर कुणाबद्दल वाटलेली नाही. आईबद्दलसुद्धा नाही.