पाठ केलेली नजर

सांगलीहून निघताना माझ्या पर्समध्ये पासपोर्ट, मेतकुटाची पुडी आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली होती. दोन महिन्यांपूर्वीच दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. "बाई, आता नव्या डोळ्यांनी विलायत बघून या," असं डॉक्टर म्हणाले आणि निरंजनने, माझ्या मुलाने, लगेच तिकीट पाठवलं. चौतीस वर्षं हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवलं. इंग्रजांचा देश न बघता डोळे मिटायचे नाहीत, हे मी कधीचंच ठरवलं होतं.

मँचेस्टरने पहिल्या दिवशी मला फक्त विटा दाखवल्या. लाल विटांच्या जुन्या गिरण्या, लाल विटांची घरं, वर राखाडी आभाळ आणि मधून जाणाऱ्या पिवळ्या ट्राम. मार्च संपत आला होता तरी थंडी हाडात शिरत होती. निरंजन आणि सूनबाई सकाळी आठला कामावर जायचे, ते सहाला उगवायचे. चौथ्या दिवशी मी भिंतीशी बोलायला लागले, तेव्हा निरंजन म्हणाला, "अगं आई, कोपऱ्यावर लायब्ररी आहे. हीटिंग मस्त असतं आणि मंगळवारी, गुरुवारी इंग्लिशचा क्लास असतो. तू तर काय, टीचरच आहेस."

गेले. वर्ग घेणारी मार्गारेट माझ्याच वयाची, उंच, गुडघ्यांनी बेजार. "ब्रू घेणार का?" हा तिचा पहिला प्रश्न. (ब्रू म्हणजे त्यांच्याकडे चहा.) मी शिक्षिका होते हे कळल्यावर तिने मला शेवटच्या टेबलाशी बसवलं. तिथे पाचसहा चिनी बोलणारी मंडळी होती. त्यातल्या लिनबाई माझ्या शेजारच्या. सदुसष्ट वर्षांच्या, बुटक्या, जांभळी लोकरी टोपी कधीही न काढणाऱ्या. मुलाकडे चीनमधल्या फूच्यानहून आलेल्या, पाच वर्षांच्या नातीला शाळेत सोडायला आणि आणायला.

त्या दिवशी कागदावर सगळे डोळ्यांचेच वाक्प्रचार होते. 'टर्न अ ब्लाइंड आय', म्हणजे दिसत असून न दिसल्यासारखं करणं. मी म्हटलं, आम्ही याला कानाडोळा म्हणतो. लिनबाईंनी एक डोळा मिटून दाखवला. त्यांच्याकडे म्हणे एक डोळा उघडा, एक बंद. लाडक्या लेकराला इंग्रज डोळ्यातलं सफरचंद म्हणतो, चिनी माणूस तळहातावरचा मोती म्हणतो आणि आपण काळजाचा तुकडा. मत्सराने इंग्रजाचे डोळे हिरवे होतात, त्यांचे लाल. मी म्हटलं, आमच्याकडे लाल डोळे म्हणजे राग, आणि तो माझ्या विद्यार्थ्यांनी भरपूर पाहिलाय. यावर टेबल पाच मिनिटं हसत होतं. मग लिनबाईंनी मोबाईलवरून भाषांतर करून दाखवलं, "डोळ्याला दिसलं नाही की स्वच्छ." मी तर उडालेच. ही तर आपली 'दृष्टीआड सृष्टी'. हिमालयाच्या दोन्ही बाजूंना बायकांनी पसारा एकाच पद्धतीने झाकलेला दिसतो.

इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' एकच असल्यामुळे आठवड्याभरात मी मनातल्या मनात लिनबाईंना 'तू' करून टाकलं.

एप्रिलमध्ये तिने मला मोबाईलवरचा एक फोटो दाखवला. नातीला चष्मा करायला गेली होती, तिथल्या भिंतीवरचा तक्ता. वर मोठ्ठा ई, खाली उतरत्या भाजणीत बारीक होत गेलेली अक्षरं. "पुढच्या आठवड्यात माझा नंबर. ही अक्षरं शिकव," ती म्हणाली.

मला वाटलं, बिचारीला अक्षरांची नावं येत नाहीत, चष्म्याच्या दुकानातल्या तरुण पोरांपुढे शोभा होईल. शिवाय विद्यार्थी आपणहून धडा घेऊन आलाय, असं चौतीस वर्षांत कितीदा झालं होतं? मी पदर खोचला. घोकंपट्टीला लोक नावं ठेवतात, पण माझ्या हाताखालच्या मुलाचा पाढा कधी अडखळला नाही. ई. एफ, पी. टी, ओ, झेड. आठव्या ओळीपर्यंत. फोटो बोटांनी ताणून ताणून ती अक्षरं बघायची आणि मी टेबलावर पेन्सिलीने ताल द्यायचे. चार बैठकांत तिचं खणखणीत पाठ झालं.

तपासणीला तिच्या मुलाला रजा नव्हती, म्हणून सोबत मीच गेले. दुकान छोटं होतं. तपासणारा तरुण डॅनियल, हसरा. त्याने एकेक डोळा झाकायला सांगितला. लिनने दोन्ही वेळा तक्ता वरपासून खालपर्यंत म्हणून दाखवला, श्वासही न घेता. मला इतका अभिमान वाटला की मी मागे बसून मान डोलावत होते. डॅनियलने मग यंत्रातून बराच वेळ डोळ्यात पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. "मोतीबिंदू दिसतोय, पण वाचता तर छान येतंय. घरी काही अडचण?" "नो, नो," लिन म्हणाली. "मग इतक्यात ऑपरेशनसाठी पाठवत नाही. वर्षाने या." बाहेर आल्यावर लिनने माझे दोन्ही हात धरले आणि मी तिला पेढ्याऐवजी केक खाऊ घातला. असा माझा निकाल, शंभर टक्के.

मे महिन्यात मार्गारेटने वर्गाची सहल ईडेल नावाच्या डोंगरातल्या खेड्यात काढली. पिकॅडिली स्टेशनवरून गाडी निघाली, पाऊण तासात विटा संपल्या आणि डोंगर सुरू झाले. आपल्या सह्याद्रीसारखे उभे अंगावर येणारे नाहीत, लांब पाठीचे, निवांत पडलेले. त्यांच्यावर नुसते दगडावर दगड रचून केलेले बांध, चुना नाही की सिमेंट नाही, आणि बांधाच्या आत मेंढ्या. कोकरं इतकी पांढरी की मला माझ्या डॉक्टरांचे पुन्हा आभार मानावेसे वाटले.

"लिन, ती कोकरं बघ, दोन जुळी."

"सुंदर, फार सुंदर," ती म्हणाली. पण ती तोंड करून उभी होती झाडीकडे. पाठ होती मेंढ्यांकडे.

मला वाटलं, वाऱ्यात ऐकू आलं नसेल.

चहाच्या टपरीवर आम्ही ओटकेक मागवले (ओटच्या पिठाचं धिरडंच ते, आत वितळलेलं चीज). मी त्यावर मेतकूट भुरभुरलं. लिनने किटली उचलली आणि चहा कपाच्या शेजारी ओतला. टेबलावरून तो माझ्या मांडीवर आला तरी तिचा हात थांबेना. पुसापुशी झाली. मग मी टपरीवाल्याची पाटी उचलली, खडूने मोठ्या अक्षरांत 'सूप' लिहिलेली, आणि हातभर अंतरावर तिच्यासमोर धरली.

"लिन, काय लिहिलंय?"

तिने मान ताठ केली. डोळे पाटीच्या थोडे वर लावले.

"ई," ती म्हणाली. "एफ, पी. टी, ओ, झेड."

पाटी खाली ठेवली आणि मी तिला विचारलं, किती दिवस? बराच वेळ ती टोपीशी चाळा करत राहिली. मग अर्धं इंग्रजीत, अर्धं मोबाईलवर, तिने सांगितलं. दोन वर्षं. समोर सगळं दुधासारखं, बाहेरच्या उजेडात तर काहीच नाही. शाळेचा रस्ता ती पावलं मोजून चालते. मुलाला कळलं तर तो नातीला तिच्या हाती देणार नाही, आणि नात नसेल तर तिला इथे काय काम? तो परत पाठवेल. तिथे नवऱ्याच्या माघारी घराला कुलूप. म्हणून ही परीक्षा पास व्हायचीच होती.

"तू चांगली टीचर," ती म्हणाली. मग एक डोळा मिटला. एक उघडा, एक बंद. मी कानाडोळा करावा अशी तिची विनंती होती.

मला स्वतःचा असा संताप आला की सांगता सोय नाही. दोन्ही डोळे कापून घेतलेली मी बाई, आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईला दिसत नाही हे मला दिसलं नाही. दिसलं काय, तर पाठांतर. मी म्हटलं, "नाही लिन. यात मी डोळा मिटणार नाही. उद्या रस्त्यावर गाडी येईल, आणि तुझ्या हातात तो तळहातावरचा मोती असेल."

ती उठून दुसऱ्या टेबलावर गेली. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली, मी दाराशी. पुढचे दोन वर्ग ती आलीच नाही. तिच्या मुलाला फोन करावा असं रोज वाटे, पण तिने स्वतः सांगायला हवं, असंही वाटे. निरंजन म्हणाला, "आई, तिला तुझ्या ऑपरेशनचं सांगितलंस का?" नव्हतं सांगितलं. मी उपदेश केला होता फक्त. आमटीचा डबा आणि चकल्या घेऊन मी तिच्या दारात गेले. ती नातीला सोडून आली होती, एकटीच होती. माझ्या थेंबांची बाटली तिच्या हातात दिली आणि सांगितलं, वीस मिनिटं लागतात, दुखत नाही, मग चहा देतात. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी घरी गेले तर ओट्याखालची कित्येक वर्षांची काजळी मला दिसली आणि आरशात सासूबाई. लिन हसली. मग बाटली हातात धरूनच रडली. शेवटी म्हणाली, "मुलाला सांगते. पण तपासणीला तू चल."

डॅनियलपुढे गुन्हा मीच कबूल केला. तक्ता हिला दिसला नाही, मी पाठ करून घेतला. तो खुर्चीतच मागे रेलला. "माझ्या तपासणीचा अभ्यास करून आलेलं कुणी पहिल्यांदाच भेटलं," तो म्हणाला. मग त्याने पडद्यावर दुसराच तक्ता लावला. त्यात एकच अक्षर, ई, पण कुठे उजवीकडे तोंड केलेला, कुठे डावीकडे, कुठे उताणा, कुठे पालथा. नाव सांगायचंच नाही, ज्या बाजूला तो उघडा त्या बाजूला हात दाखवायचा. लिनचा चेहरा उजळला. त्यांच्या देशात सगळीकडे हाच तक्ता असतो. लहानपणी शाळेत ती याच्यासमोरच उभी राहिली होती. माझं इंग्रजी लागतच नव्हतं मुळी.

पहिल्या ओळीला तिचा हात उजवीकडे गेला. दुसरीला वर, मग डावीकडे. तिसऱ्या ओळीला हात उचलला आणि तिथेच थांबला.

"नॉट सी," लिन म्हणाली. दिसत नाही. परक्या माणसासमोर, दोन वर्षांत पहिल्यांदा.

त्या अधांतरी हाताकडे बघताना मला पुष्पा आठवली. आठवी ब, शेवटचा बाक. फळ्यावरचं कधी लिहून घ्यायची नाही, शेजारणीच्या वहीतून उतरवायची. वर्षभर मी तिला दाराबाहेर उभं केलं होतं. वहीत लाल शाईने 'कामचुकार' लिहिलं होतं. ती डोळे बारीक करायची, तो मला उर्मटपणा वाटायचा.

लिनच्या मुलाने तिला परत पाठवलं नाही. त्याने रजा काढली, महिनाभर लेकीला स्वतः शाळेत नेलं आणि आईला म्हणाला, लवकर बरी हो, मला तिची वेणी घालता येत नाही. जुलैत उजवा डोळा झाला. डाव्याची तारीख मी परतल्यानंतरची होती. मी निघायच्या आदल्या दिवशी ती निरोपाला आली, नातीचा हात धरून, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत. आत येऊन माझ्या तोंडाजवळ तोंड आणून तिने मला नीट पाहिलं.

"तू एवढी म्हातारी?" ती म्हणाली.

आम्ही दोघी किती हसलो ते विचारू नका. जाताना तिने मला गुंडाळी केलेला कागद दिला. फूच्यानहून मागवलेला, उलटसुलट ईंचा तक्ता.

सांगलीत येऊन पंधरा दिवस झाले. पुष्पा आता कुठे असते ते कुणाला ठाऊक नाही, मी तीन ठिकाणी विचारलं. काल तक्ता घेऊन माझ्याच शाळेत गेले आणि आठवी ब च्या भिंतीला लावला. मुलं रांगेत आली, हात वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. त्यांना खेळ वाटला. शेवटून दुसरी एक मुलगी, दोन वेण्या. चौथ्या ओळीला तिचा हात उचलला गेला आणि हवेत राहिला. तिने डोळे बारीक केले. मग शेजारच्या मुलीकडे चोरून पाहिलं.

"दिसत नाही का गं?" मी विचारलं.

ती घाबरली. मान खाली घालून म्हणाली, "नाही दिसत, बाई."

मी तिचा तो हात हातात घेतला. "शाबास," म्हटलं. "बरोबर उत्तर."