चाळीस मिनिटं सायकल, असं मी लिहिलं

“मायोकार्डायटिस,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून सोपं करून सांगितलं, “हृदयाच्या स्नायूला सूज आलीय. ताप असताना काय केलं होतंस?”

मी खरं ते सांगितलं. चार दिवस ताप होता. पाचव्या दिवशी उतरल्यासारखा वाटला म्हणून सायकल काढली आणि नाशिकबाहेर वणीच्या रस्त्याला चढ मारून आलो. घाम निघाला की उरलासुरला ताप पण निघतो, असं आम्हा सायकलवाल्यांत सगळेच म्हणतात. दोन दिवसांनी सातपूरला कंपनीत मशीनवर उभा असताना छातीत कोणीतरी पाना लावून आवळल्यासारखं दुखलं.

ईसीजी काढला. ट्रोपोनिन म्हणून रक्ताची तपासणी असते, हृदयाला इजा झाली की ते वाढतं. माझं वाढलेलं होतं. मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. प्रत्येक ठिकाणी नंबर लावून बसायचं.

“सहा महिने सायकल नाही. रेस तर नाहीच नाही,” मॅडम म्हणाल्या.

मी “बरं” म्हणालो. खरंच काही वाटलं नाही. समोरच्या भिंतीवर पंख्याचं बटण होतं, ते बघत बसलो.

सहा दिवस दवाखान्यात होतो. भाड्याच्या खोलीत माझ्यासोबत राहणारा सलीम, मूळचा मालेगावचा, शिफ्ट सुटली की डबा घेऊन यायचा. गावाकडं यवतमाळला फोन केला तर माय म्हणाली, “ते सायकल इकून टाक बापू. कायले जिवाले घोर?” मी हो म्हटलं. विकली मात्र नाही.

त्याचं कारण सांगतो. नववीतून शाळा सोडून मी इकडे आलो. कंपनीत मला नंबरने ओळखतात. सायकलच्या ग्रुपमध्ये डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत, इंदिरानगरचे दुकानदार आहेत, पण चढाला लागलं की कोणी शिक्षण विचारत नाही. तिथं मला नावाने हाक मारतात. आमचे सर, ग्रुप चालवणारे साठीचे गृहस्थ, त्यांनीच मला त्यांची जुनी रेसची सायकल दिली होती. रेस सुटली तर नाशकात माझं काय उरतं, हे मला कळत नव्हतं.

ते सहा महिने कसे गेले ते नीट आठवत नाही. सुपरवायझरने मला उभ्या कामावरून काढून पॅकिंगला बसवलं, त्यांचे उपकार आहेत. सकाळी उठलो की मनगट धरून ठोके मोजायचो. चहा पिऊन परत मोजायचो. जिना चढून परत. बाकी दिवसभर अंगात कापूस भरल्यासारखं, डबा अर्धा तसाच राहायचा.

सहा महिने भरल्यावर थोडं थोडं चालवायची परवानगी मिळाली आणि होल्टर लावला. होल्टर म्हणजे छोटं मशीन, छातीला वायरी चिकटवतात, चोवीस तास हृदयाचा प्रत्येक ठोका त्यात उमटतो. सोबत एक कागद देतात. किती वाजता काय केलं ते त्यावर लिहायचं. मॅडमनी बजावलं होतं, “रोजच्यासारखं वाग. सायकल चालव, थोडा चढ घे. मला तेच बघायचंय.”

घरी आल्यावर सलीम म्हणाला, “पागल आहेस का? पडून राहा. रिपोर्ट क्लीन, मॅडम खूश, तू रेसला मोकळा.”

“आणि कागदावर?”

“लिही ना सायकल चालवली म्हणून. मशीन काय बघायला येतंय?”

मी पडून राहिलो. कागदावर लिहिलं, सकाळी चाळीस मिनिटं सायकल, गंगापूर धरणाकडचा चढ.

मॅडमनी रिपोर्ट बघितला, कागद बघितला. चष्मा काढला.

“हा चढ चढलास?”

“हो मॅडम.”

“तेव्हा तुझे ठोके एकसष्ट होते. अरे, त्या वेळात माझे इथे खुर्चीत बसून जास्त असतील.”

बाजूची सिस्टर हसली. मी नाही हसलो.

“मला फसवलंस तर चालेल,” मॅडम म्हणाल्या. “मी घरी जाऊन जेवेन. चढावर तू एकटा असशील.”

रागावल्या नाहीत. दुसरा कागद दिला आणि मशीन परत लावायला सांगितलं. या वेळी मी खरोखर चढ घेतला. चढाच्या मध्यात छातीत मासा उलटल्यासारखं झालं. कागदावर वेळ लिहिली. रिपोर्टमध्ये त्याच मिनिटाला एक्टोपिक दिसले, म्हणजे मधेच पडणारे जास्तीचे ठोके. आणखी तीन महिने बंद. ग्रुपची त्या हंगामातली रेस माझ्याशिवाय झाली.

तुमच्यापैकी कोणाला होल्टर लागला तर एवढंच सांगतो, कागदावर खरं लिहा. पहिला कागद मॅडमनी खरा धरला असता तर तो मासा माझ्या छातीत रेसमध्येच उलटला असता.

तीन महिन्यांनी सगळ्या तपासण्या परत झाल्या. ट्रेडमिलवर पळवलं, होल्टर लावला. स्वच्छ. मॅडम म्हणाल्या, “जा रेसला. पण पहिल्या रेसला ठोके एकशे साठच्या वर नेऊ नकोस. गेले तर ढिलं सोड. मी बघायला नसेन.”

सरांनी छातीला बांधायचा पट्टा दिला, त्यावरून हँडलवरच्या मीटरमध्ये ठोके दिसतात.

दिंडोरीपर्यंत मी पुढच्या घोळक्यात होतो. चढ सुरू झाला. एकशे चोपन्न. एकशे अठ्ठावन्न. पुढच्याचं चाक माझ्यापासून हातभर; त्याला चिकटून राहिलं की वारा तो कापतो, आपल्याला कमी जोर लागतो. मागून एकजण ओरडला, “अरे चिकट ना भाऊ, झोपला का?” एकशे एकसष्ट.

पायात जोर होता. मीटर झाकला असता तर कोणाला कळलं नसतं.

मी गिअर हलका केला. पुढचं चाक दोन हातांवर गेलं, मग दहा, मग वळणाआड. सात वर्षांत मी स्वतःहून कोणाचं चाक सोडलं नव्हतं. एकामागून एक सगळे जाऊ दिले. आता वाईट वाटेल म्हणून वाट बघितली, तसं काही वाटलं नाही.

शेवटच्या रेषेवर सर उभे होते. त्यांनी सायकल धरली आणि नावाने हाक मारून विचारलं, “काय झालं रे, पाय गेले?”

“नाही सर. पाय होते.”

सरांनी मीटरमधला सगळ्यात वरचा आकडा बघितला, एकशे एकसष्ट, मान हलवली, पाठीवर हात ठेवला. त्यांना काही सांगावं लागलं नाही. मी मॅडमना फोन लावला, त्या पेशंटमध्ये होत्या, सिस्टरकडे निरोप ठेवला. मग रेस बघायला आलेल्या सलीमच्या डब्यातल्या तीन पोळ्या मी रस्त्याकडेला बसून खाल्ल्या आणि त्याला विचारलं, “अजून आहे का?”