डाव्या भुवईची तक्रार

पार्लरवाल्या ताईंच्या तोंडात दिवसाचा बराच वेळ दोरा असायचा. एक टोक दातांत, दुसरं बोटांत आणि मधल्या पिळात गिऱ्हाइकाची भुवई. दोरा सुटला की भुवई बिघडायची, म्हणून काम करताना त्या बोलत नसत, नुसतं ‘हं’ म्हणत. त्या ‘हं’मध्ये होकार, नकार, डोकं हलवू नका आणि तुमच्या सुनेचं मला सांगू नका, इतकं सगळं बसायचं. घरच्यांना ते बरोबर कळायचं. परक्यांना तो होकारच वाटायचा.

फोन वाजला तर नणंद उचलायची आणि स्पीकरवर टाकून ताईंच्या कानाशी धरायची. नवऱ्याचं घर सोडून आल्यापासून ती ताईंच्या हाताखाली शिकत होती. हात तयार झाला होता, खुर्ची तेवढी नव्हती. त्या दुसऱ्या खुर्चीसाठी ताई बँकेत पैसे साठवत होत्या. खुर्चीचा फोटो आरशाच्या कोपऱ्यात खोचलेला होता आणि नणंद जाता-येता त्याच्यावर उडालेली पावडर पुसायची.

एका दुपारी ताई भुवई करत असताना फोन आला. आवाज इतका अदबशीर होता, की तो बँकेचा नाही हे तिथेच ओळखायला हवं होतं.

“मॅडम, तुमचं खातं आज बंद पडतंय. चालू ठेवायचंय ना?”

“हं,” ताई म्हणाल्या.

“मग आत्ता जो नंबर आलाय, तो वाचून दाखवता?”

“हं?” म्हणजे थांब, हे काय आहे? पण वहिनीचं प्रत्येक ‘हं’ ओळखणाऱ्या नणंदेचा नेमका त्याच ‘हं’ला गोंधळ झाला. तिने नंबर खणखणीत आवाजात वाचून दाखवला. भुवई पुरी व्हायच्या आत खातं साफ झालं. काम सफाईदार होतं. एवढी सफाई ताईंनाही इतक्या वर्षांत साधली नव्हती.

त्या पावडरीच्या हातांनीच बँकेत धावल्या. तक्रारीच्या खिडकीत मॅडम बसल्या होत्या. महिन्याला न चुकता ताईंकडे भुवया करून घेणाऱ्या, त्यामुळे ओळख चांगली.

“नंबर तुम्ही स्वतःहून दिलात ना? मग आम्ही काय करणार?”

“तक्रार तरी लिहून घ्या.”

“घेतली.”

“तिचा नंबर?”

“मेसेज येईल तुम्हाला.”

मेसेज आला नाही. पुढच्या खेपेला मॅडम म्हणाल्या, “प्रोसेसमध्ये आहे.” त्याच्या पुढच्या खेपेला त्यांनी पडद्याकडे बघून चेहरा दुःखी केला. “तक्रारच दिसत नाही हो. त्याच दिवशी कळवलं असतंत तर पैसे परत मिळाले असते.”

ताई काही बोलल्या नाहीत. तोंडात दोरा नसताना त्या गप्प राहिल्या, ही मॅडमनी काळजी करण्यासारखी गोष्ट होती.

घरी नणंद जेवेना. “वहिनी, मी जाते परत त्या घरी. तुमचं वाटोळं केलं मी.”

“तू कुठेही जायचं नाहीस. गप जेव.”

रात्री अंथरुणावर पडून ताई त्या चोराची मिशी उपटायच्या. एकेक केस, सावकाश, पावडर न लावता, चांगलं दुखावं म्हणून. दहा केस झाले की त्यांना झोप लागायची. अडचण एकच, चोराला चेहरा नव्हता. मॅडमना मात्र होता आणि त्यावरच्या भुवया भराभर वाढत होत्या.

त्या वाढल्याच. मॅडम घाईघाईने आल्या आणि खुर्चीत पडल्या. “ताई, लवकर करा. मोठे साहेब येतायत शाखेत. फोटो आहेत.”

ताईंनी उजवी भुवई अशी कोरली, की बाकावर बसलेल्या दोघींनी मान पुढे काढून पाहिली. मग त्यांनी दातांतला दोरा काढला आणि बोटाला गुंडाळला.

“झालं?”

“उजवी झाली.”

“आणि डावी?”

“डावी प्रोसेसमध्ये आहे.”

मॅडमनी डोळे उघडून आरशात पाहिलं. उजवी भुवई लग्नाला निघालेली, डावी नुकतीच झोपेतून उठलेली.

“अहो, असं अर्धवट काय सोडता?”

“डोकं तुम्ही स्वतःहून पुढे केलंत ना? मग आम्ही काय करणार?”

“मी दुसऱ्या पार्लरमध्ये जाईन!”

“जा की. ऊन चांगलं पडलंय, वाटेत सगळ्यांना नीट दिसेल.”

मॅडम उठल्या, दारापर्यंत गेल्या, उन्हाकडे पाहिलं आणि परत येऊन बसल्या. “काय हवंय तुम्हाला?”

“मी त्याच दिवशी आले होते, एवढं तुमच्या साहेबांना सांगा. आत्ता.”

मॅडमनी नंबर लावला. फोन नणंदेने हातातून घेतला आणि दुकानाच्या रिवाजाप्रमाणे स्पीकरवर टाकून त्यांच्या तोंडाशी धरला.

“साहेब, त्या पार्लरवाल्या ताई... त्या त्याच दिवशी आल्या होत्या. तक्रार नोंदवायची माझ्याकडूनच राहिली.”

पलीकडून आवाज आला, “तुम्ही कुठून बोलताय? आणखी कोण आहे तिथे?”

“गिऱ्हाइकं आहोत, साहेब,” बाकावरची एक म्हणाली. “सगळं ऐकलं हो आम्ही.”

साहेबांनी तक्रार स्वतः नोंदवली, जुन्या तारखेचा शेरा मारून. थोड्याच वेळात ताईंचा फोन किणकिणला. नणंदेने मेसेजमधला नंबर वाचायला तोंड उघडलं.

“मनात वाच,” ताई म्हणाल्या.

मग त्यांनी दोरा पुन्हा दातांत धरला आणि डावी भुवई केली. उजवीपेक्षा जरा वर. चूक म्हणता येणार नाही इतकीच, पण फोटोत दिसेल इतकी. त्या महिन्यात मॅडम प्रत्येक तक्रार आश्चर्यचकित चेहऱ्याने ऐकत होत्या आणि नंबर मात्र जागच्या जागी देत होत्या.

पैसे बँकेला भरून द्यावे लागले. वेळ खाल्ला, पण आले. खुर्चीही आली. नणंद तिच्यावर पहिल्या दिवशी स्वतःच बसली आणि उठेचना.

चोर काही सापडला नाही. पार्लरच्या वरच्या फळीवर जाड दोऱ्याचं एक कोरं रीळ आहे. एकदा दोरा संपला तेव्हा नणंदेने त्याला हात घातला.

“ते नको, ते त्याच्यासाठी आहे.”

नणंदेने रीळ जागेवर ठेवलं. “आणि पावडर, वहिनी?”

“त्याला पावडर नाही.”