बिनवासाचं घर

आमच्या घराला वास नव्हता. हे मी सांगितलं की लोक हसतात, कारण माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणायचो, धुळ्यात अत्तरं आणि सुगंधी तेलं विकायचे. पण खरंच नव्हता. देवापुढे नुसतं निरांजन, उदबत्ती नाही. फोडणी मागच्या अंगणातल्या चुलीवर. कपाटात डांबराच्या गोळ्या नाहीत, अंगाला साधा साबण नाही. शाळेतल्या मुलींना वाटायचं, हिच्याकडे मोगऱ्याच्या राशीच लागल्या असतील. एकीने तर मधल्या सुट्टीत माझी वेणी हुंगून पाहिली. तिला हरभऱ्याच्या पिठाचा वास आला, आणि तो तिने वर्गभर सांगितला.

याला कारण आईचा दमा. मी लहान होते तेव्हा तो नुसता खोकला होता. मग एकदा केवड्याची तडकलेली कुपी नाना रुमालात गुंडाळून घरी घेऊन आले, आणि आईने आत घेतलेला श्वास बाहेरच पडेना. तिचे ओठ निळे झालेले मला अजून दिसतात. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि नानांना बाजूला घेऊन सांगितलं, "धूर, धूळ आणि उग्र वास. तुमचा धंदाच हिच्या मुळावर आलाय."

नानांनी दुसरं काम शोधलं नाही असं नाही. जळगावला सरकी काढायच्या एका जिनात नोकरी मिळत होती, पण तिथे कापसाची धूळ अंगावर घेऊन घरी यायचं. दोंडाईच्याला एका वखारीत जागा होती. वखार कशाची, तर मिरचीची! खानदेशात माणसाने पोट भरायचं ते एक तर कापसावर नाही तर मिरचीवर. आई खाटेवर बसून हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "दुकान राहू द्या. तुम्ही तेवढे धुऊन या, म्हणजे झालं."

तेव्हापासून नाना धुऊन येऊ लागले. दुकान बंद करून ते मागच्या बोळाने यायचे. अंगणाच्या भिंतीला खुंटी होती, तिच्यावर दुकानातला सदरा, टोपी, धोतर. मग उघड्यावरच्या न्हाणीत बसून हरभऱ्याच्या पिठाने अंग घासायचं. कानामागे जास्त, कारण गिऱ्हाइकाला दाखवायचा अत्तराचा फाया दिवसभर तिथे असायचा. नखं घासायची. शेवटी दोन्ही तळहात नाकाशी धरून हुंगायचे, घरातलं धोतर नेसायचं आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारायचं, "येऊ का?"

आई आतून हवा हुंगायची. "या" म्हणाली तर आत. कधी नुसतीच खोकली, की नाना मुकाट्याने परत न्हाणीकडे. थंडीतसुद्धा. आपल्याच घरात शिरायला रोज परवानगी मागणारा पुरुष मी दुसरा पाहिला नाही. गल्लीत त्यावरून चेष्टा व्हायची. नानांना तिचं काही वाटत नसे, मला मात्र वाटायचं. मी त्यावरून भांडून आलेय पोरींशी.

दुकानातही त्यांचं वागणं धंद्याला न शोभणारंच. शेटजींच्या बैठकीत तेव्हा पितळी दिवा असायचा, वर पाण्याची वाटी, वाटीत अत्तराचे थेंब; खालच्या ज्योतीने वास घरभर पसरायचा. असा दिवा मागायला कुणी आलं की नाना आधी चौकशी करणार, "घरात दम्याचं कुणी आहे? तान्हं मूल?" शेटजी म्हणायचे, "अहो, सुवासाने कुणाला काय होतंय?" नाना दिवा बांधून द्यायचे आणि वर ऐकवायचे: खिडकी उघडी ठेवा, थेंब दोनच टाका, रात्रभर जळत ठेवू नका, कुणी खोकलं तर लगेच विझवा. निलगिरीची बाटली नेणाऱ्याला तर पुरता पाठ. हे खायचं तेल नव्हे, अर्क आहे. पोरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. तान्ह्याच्या नाकाला लावू नका. अंगाला लावायचं तर तिळाच्या तेलात मिसळून. गिऱ्हाईक कंटाळून म्हणायचं, "नाना, देता का जाऊ?"

नानांची थोरली बहीण पाचोऱ्याला दिलेली होती. सगळं घर तिला अक्का म्हणायचं. हिवाळ्यात ती आमच्याकडे यायची, आणि येताना वांगी, केळी, शेवया असं काय काय घेऊन यायची. आईवर तिचा जीव होता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की नव्हता.

एका वर्षी अक्का आलेली असताना आईला सर्दी झाली होती. नाना एका लग्नासाठी मागवलेलं अत्तर पोचवायला जळगावला गेलेले. मी शाळेतून आले तर पुढचं दार बंद, खिडक्या बंद, आणि बोळापर्यंत निलगिरीचा वास. धक्का मारून दार उघडलं. शेगडीवर पातेलं रटरटत होतं आणि त्याच्यासमोर गोधडी पांघरलेली आई. अक्का पाठीमागून गोधडी घट्ट धरून बसली होती.

"अक्का, सोड तिला!"

"अवं, इतलं काय घाबरस? निलगिरी शे, जहर नही. बठ्ठी सर्दी निंघी जाई. मन्हा भाऊनीच दियेल शे."

खरंच होतं ते. गुडघ्याला चोळायला म्हणून नानांनीच तिला ती बाटली दिली होती. सगळ्या गावाला ऐकवायचा पाठ त्यांनी बहिणीला ऐकवला नव्हता. बहिणीला काय शिकवायचं, असं वाटलं असेल. दुसऱ्यांची सर्दी ज्याने मोकळी होते त्याने आपल्या भावजयीचा गळा आवळला जाईल, हे अक्काच्या स्वप्नातही नव्हतं.

मी गोधडी ओढली. आईचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिला बोलता येत नव्हतं, हाताने ती खिडकीकडे दाखवत होती. मी खिडक्या उघडल्या, पातेलं अंगणात ओतलं, शेजारच्या काकांनी टांगा आणला. आई वाचली. पण त्यानंतर तिला दोन खोल्या ओलांडल्या तरी बसावं लागे.

बरी झाल्यावर मी तिला विचारलं, "तू नको का म्हणाली नाहीस?"

"थोरली नणंद," ती म्हणाली. "इतक्या मायेने पाणी तापवलं होतं त्यांनी. कसं नको म्हणायचं?"

मला आईचाही राग आला. आपल्याकडच्या बायका जीव देतील, पण वडीलधाऱ्यांच्या हातातलं परत करणार नाहीत. आणि माणसं मायेनेच एकमेकांचा श्वास कोंडतात, वर म्हणतात, तुझ्या भल्यासाठी. याचा संताप मला आज इतक्या वर्षांनीही तेवढाच येतो.

नाना अक्काला एका शब्दानेही बोलले नाहीत. तिने बाटली त्यांच्या हातात परत दिली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "माझंच चुकलं, सांगायला हवं होतं." बोलले असते तर बरं झालं असतं. अक्का त्यानंतरही यायची, पण मागच्या बोळाने. डोक्याला तेल नाही, केसात फूल नाही. अंगणातल्या न्हाणीत हातपाय धुऊन ती मागच्या पायरीवर बसायची. आई हाक मारायची, "आत या ना, अक्का." ती तिथूनच म्हणायची, "आठेच बरी शे मी." पायरीवर बसूनच ती भाजी निवडायची, तिथेच जेवायची. मला तिची दया यायची आणि राग जायचा नाही.

आई गेली ती उन्हाळ्यात. त्या दिवशी सकाळपासून धुळीची वावटळ सुटली होती. दारं-खिडक्या लावूनही भांड्यांवर धूळ बसत होती. कुठल्याच वासाचा त्यात दोष नव्हता. दुपारी तिला धाप लागली, आणि डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं. नानांना बोलवायला कुणी तरी दुकानाकडे धावलं. अक्का आठवडाभर आमच्याकडेच होती. ती पायरीवरून उठली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा आत आली.

घर बायकांनी भरलं. कुणी तरी रीत म्हणून उदबत्त्यांचा पुडा आणला, उशाशी लावायला. काडी ओढलीसुद्धा. अक्काने पेटलेल्या उदबत्त्या त्या बाईच्या हातातून काढून घेतल्या आणि पाण्याच्या तांब्यात बुडवल्या.

"तिले चालस नही," ती म्हणाली.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आता काय चालायचं आणि काय नाही चालायचं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात मागच्या बोळात नानांच्या वहाणा वाजल्या. ते धावत आले असणार, श्वास ऐकू येत होता. सगळ्यांनी वाट करून दिली. पण नाना आत आलेच नाहीत. त्यांनी सदरा काढून खुंटीला अडकवला, टोपी अडकवली आणि न्हाणीत जाऊन बसले. आम्ही दारातून बघत होतो. त्यांनी पिठाचा डबा उघडला, कानामागे घासलं, नखं घासली. एक बाई हळूच म्हणाली, "बायको गेली आणि अंघोळ कसली करतोय हा?" अक्का बाहेर गेली आणि तिने त्यांच्यापुढे दुसरी बादली भरून ठेवली.

नानांनी तळहात हुंगले. एकदा, मग पुन्हा एकदा. धोतर बदलून ते उंबऱ्याबाहेर येऊन उभे राहिले. केसांतून पाणी गळत होतं.

"येऊ का?" त्यांनी विचारलं.

नाना तसेच उभे होते, पाय उचलत नव्हते. त्यांना कुणी तरी सांगायला हवं होतं, म्हणून शेवटी मीच म्हणाले, "या."