मागं आवाज येतोय का?

आमच्या पाटण भागात लग्न असो की कीर्तन, माइक आमच्या गावच्या स्पीकरवाल्याचाच. माइक जोडला की तो ओरडायचा, "आवं, मागं आवाज येतोय का? हात करा की!" शेवटच्या रांगेतून हात वर झाल्याशिवाय तो आमदारालाही बोलू द्यायचा नाही. म्हणायचा, "फुडच्यांना तसंबी ऐकू येतंय. माइक मागच्यांसाठी असतोय."

सड्यावर, म्हणजे गावावरच्या पठारावर, होणाऱ्या खाणीची जनसुनावणी ठरली, तेव्हा आम्ही माइकसाठी त्यालाच सांगून ठेवलं. पण सुनावणी झालीच नाही. खाणवाल्यांची संघटना दिल्लीला खेटे घालत राहिली आणि नियमच बदलून आला: असलं खनिज देशाला अत्यावश्यक, त्यासाठी गावाला विचारायची गरज नाही.

एकदम भूमिपूजनच. मांडवात सगळे साहेब, आम्ही तारेच्या कुंपणाबाहेर. त्यानं माइक जोडला आणि नेहमीसारखं विचारलं, "मागं आवाज येतोय का?"

मांडवात कुणी हललं नाही. माझा हात मात्र सवयीनं वर गेला. त्यानं तो पाहिला, मान खाली घातली आणि माइक खाणमालकाच्या हातात दिला.