राखून ठेवलेली खाट

परळला इस्पितळांच्या मागच्या गल्लीत एक धर्मशाळा आहे. बाहेरगावाहून उपचारांसाठी आलेला पेशंट आणि त्याच्या सोबतचं एक माणूस तिथे महिनोन्‌महिने राहतं. बत्तीस खाटा, आणि प्रत्येक खाटेशेजारी एक चटई पसरेल एवढी जमीन. कारभार पाहायच्या एक निवृत्त नर्स. घोडपदेवला आमच्या शेजारच्या चाळीत राहायच्या, माझ्या लहानपणी इंजेक्शन टोचायला त्याच यायच्या. तेव्हापासून मी त्यांना सिस्टरच म्हणते आणि थोडी घाबरतेही.

त्यांच्या ऑफिसच्या भिंतीवर एक लाकडी फळा होता. बत्तीस खिळे, आणि खिळ्याला पेशंटच्या नावाचं पुठ्ठ्याचं कार्ड. कोणाची खाट बदलली की कार्ड या खिळ्यावरून त्या खिळ्यावर. विश्वस्तांना मात्र हे कॉम्प्युटरवर हवं होतं. मी वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये घालवलेली. न विचारता पुढे झाले, म्हटलं, फुकटात करून देते. न विचारता पुढे होणं हा माझा जुना आजार आहे.

फळा पाहायला गेले तेव्हा चार-पाच कार्डं उलटी लटकलेली दिसली, नाव भिंतीकडे. हे पेशंट सध्या इस्पितळात भरती आहेत, एवढं सिस्टर म्हणाल्या आणि फोनवर बोलायला गेल्या. मी वहीत लिहिलं, 'भरती : खाट मोकळी'. पुढे एक प्रश्न विचारायला हवा होता. पण मला घरी जाऊन कामाला लागायची घाई.

स्क्रीनवर फळ्यासारखीच चौकटींची जाळी हवी होती, आणि कार्ड माउसने उचलून दुसरीकडे ठेवता यायला हवं होतं. हे करणारं प्लगइन, म्हणजे प्रोग्रॅमला जोडायचा तुकडा, तयार मिळतं. आपला प्रोग्रॅम ज्या सांगाड्यावर उभा असतो त्या फ्रेमवर्कमध्ये ते बसवायचं, बस. या 'बस'ने माझे तीन शनिवार-रविवार खाल्ले. फ्रेमवर्कचं म्हणणं, स्क्रीनवर काय कुठे दिसेल ते मी ठरवणार. प्लगइनचं म्हणणं, कार्ड मी हलवणार. एकाच ओट्यावर दोन सुगरणी. मी कार्ड सोडलं रे सोडलं की ते टुणकन उडी मारून जुन्या जागी परत जायचं. मी स्क्रीनला शिव्या द्यायचे आणि आमचे हे आतल्या खोलीतून विचारायचे, "कोणाशी भांडतेस गं?"

शेवटी तोड निघाली. ओढताना प्लगइनचं राज्य, आणि कार्ड खाली ठेवल्यावर त्याने नवी जागा फ्रेमवर्कला मुकाट्याने कळवायची. कार्ड जागेवर टिकलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. शिवाय प्लगइनने एक गोष्ट आपणहून दिली. एखादं कार्ड काढलं की खालची कार्डं अलगद वर सरकायची आणि रिकामी जागा भरून जायची. काय देखणं दिसायचं ते! विश्वस्तांसमोर मी ते तीन वेळा करून दाखवलं. सगळे वा वा म्हणाले. सिस्टर काही बोलल्या नाहीत. वाटलं, त्यांना फळ्याची सवय, म्हणून गप्प असतील.

सोमवारपासून कॉम्प्युटर सुरू झाला. त्याच दिवशी सिस्टरनी भाचीच्या साखरपुड्यासाठी रजा टाकली, वडाळ्याला गेल्या. मी सकाळपासून हजर होते, आपलं कौतुक पाहायला म्हणा ना. हॉलचं काम बघणाऱ्या मामांनी छापलेली यादी हातात घेतली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"म्याडम, आज निम्म्या लोकांना हलवायचंय?"

"यादीत आहे ना? मग हलवा."

मामांनी हलवलं. त्या दिवशी भरती एकटा चौदा नंबरचा पेशंट, आदल्या दिवशी ऑपरेशनसाठी गेलेला, म्हणून कॉम्प्युटरने त्याचं कार्ड काढलं. पंधरावा चौदावर आला, सोळावा पंधरावर, असं शेवटपर्यंत, आणि शेवटची मोकळी झालेली खाट सकाळीच आलेल्या नव्या पेशंटला मिळाली. चौदा नंबरवाल्यांचं सामान मामांनी चादरीत बांधलं आणि ते गाठोडं ऑफिसात माझ्या टेबलाखाली आणून ठेवलं. मी पाय जरा बाजूला घेतले, इतकंच.

दुपारी एक बाई दारात आली. देवगडकडची, नवरा सुतारकाम करणारा. दोन महिने चौदा नंबरच्या खाटेशेजारी चटई टाकून राहिलेली. नवऱ्याचे कपडे न्यायला आली होती. आधी हॉलमध्ये जाऊन आली असावी, कारण दारातच थांबली आणि तिची नजर थेट टेबलाखालच्या गाठोड्यावर गेली. मग ती उंबऱ्यातच खाली बसली.

"डॉक्टरान तुमका काय सांगल्यान?" तिने विचारलं. "माका खरा सांगा."

मला काही उमगेना. मामा माझ्या कानाशी वाकून पुटपुटले, "इथं कार्ड दोनदाच निघतं म्याडम. पेशंट बरा होऊन घरी जातो तेव्हा, नायतर... भरती झाला तर सिस्टर नुसतं उलटं करतात. खाट राखून ठेवतात."

आमच्या घरची बोली तीच, म्हणून मी तिच्यासमोर बसून म्हटलं, "काय्येक सांगूक नाय गे. चूक माझी आसा. कॉम्प्युटरात माझी चूक झाली."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर बरं वाटलं असतं.

"माका कळाच्या आधी कॉम्प्युटराक कसा कळला?"

मी तिचा हात धरला आणि तिला घेऊन इस्पितळाकडे निघाले. पाच मिनिटांचा रस्ता. वॉर्डात नवरा उशीला टेकून बसला होता, नाकात नळी, चेहरा वैतागलेला. तिला पाहताच म्हणाला, "कपडे हाडलंस?"

कपडे तर गाठोड्यातच राहिले होते. ती पलंगाच्या कडेला डोकं टेकून रडायला लागली. कपडे विसरली म्हणून एवढं काय रडायचं, हे त्या माणसाला कळेना. मीही बाहेर येऊन जिन्यात रडले. इतकी लाज मला कामात कधी वाटली नव्हती.

परत येऊन मी पंधराव्यापासून पुढच्या सगळ्यांची हात जोडून माफी मागितली. सगळे कुरकुर न करता उठले, आपापल्या खाटेवर गेले. कारण विचारलं नाही कोणी. नव्या पेशंटसाठी मामांनी पॅसेजमध्ये एक घडीची खाट टाकली.

दुसऱ्या दिवशी सिस्टरसमोर उभी राहिले तेव्हा मी पुन्हा आठ वर्षांची झाले होते. "रिकामी जागा भरायला तुला सांगितलं कोणी?" त्या म्हणाल्या. मी मान खाली घातली. मग म्हणाल्या, "विश्वस्तांना दाखवलंस त्या दिवशी मीसुद्धा बोलायला हवं होतं. वाटलं, तुला आमच्यापेक्षा जास्त कळतं." हे मला ओरड्यापेक्षा जास्त लागलं.

दुरुस्ती किती होती म्हणाल, तर दोन ओळी. प्लगइनला सांगायचं, आपोआप सरकवू नकोस. आणि भरती झालेल्याचं कार्ड जागच्या जागी कुलूपबंद ठेव, कोणी ढकललं तरी हलता कामा नये. दोन्ही सोयी त्यात पहिल्यापासून होत्या. मीच पाहिल्या नव्हत्या.

सुतार बारा दिवसांनी खाटेवर परतला. आणखी महिनाभराने डॉक्टरांनी त्याला घरी जायला सांगितलं. त्या दिवशी मी ऑफिसातच होते. तो बाहेर रिक्षा... नाही, परळला रिक्षा कुठली, टॅक्सी बघत उभा होता. बायको एकटीच आत आली आणि माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. स्क्रीनवरच्या चौदा नंबरच्या कार्डावर तिने बोट ठेवलं.

"ह्या आता काढा," ती म्हणाली. "आता काढल्यात तर माका भय नाय."

मी उठले, तिला खुर्चीत बसवलं आणि माउस तिच्या हातात दिला.