एकादशीला नेपिअरचं फ्रेंच जेवण

परदेशात माझ्याकडे राहायला आलेल्या आईला पुण्याला परतायला दहा दिवस उरले होते आणि मला एकच धास्ती होती, की तिकडे गेल्यावर ती धड जेवणार नाही. बाबा गेल्यापासून ती ओट्यापाशी उभ्याउभ्या दहीभात गिळते. ‘एकटीसाठी कशाला एवढा घाट?’ हे ठरलेलं उत्तर. समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हटलं, जाण्याआधी हिला कुणीतरी थाटात वाढावं. नेपिअरजवळ एका फ्रेंच शेफचं बारा खुर्च्यांचं रेस्टॉरंट आहे, तिथे शनिवारचं दुपारचं टेबल घेतलं. (रात्रीपेक्षा दुपारचं जेवण बरंच स्वस्त पडतं.) शाकाहारी आहोत, हे दोनदा कळवलं.

सकाळी सहाला फ्लॅट बुशमधल्या माझ्या घरून निघालो. हॅमिल्टनपर्यंत रस्ता लोण्यासारखा. पेट्रोल मात्र टाउपोलाच भरून घ्या, पुढे नुसता घाट आणि जंगल. टाउपोच्या तळ्याकाठी मी थर्मास उघडला. आईनं चहा घेतला, बिस्किट परत केलं.

‘‘आज एकादशी आहे.’’

‘‘अगं, पुण्यात अजून उजाडलंही नाहीये. तिथे दशमीच आहे.’’

‘‘मी पुण्यात आहे का?’’

पुढचे दोन तास गाडी चालवताना मी उपवास इंग्रजीत कसा समजवायचा, याचीच जुळवाजुळव करत होते.

रेस्टॉरंटला भिंतीआड स्वयंपाकघर नाहीच, सगळं समोर. पांढऱ्या केसांचा शेफ ‘किया ओरा’, म्हणजे इथला नमस्कार, म्हणत आला. मी ओशाळून उपवास समजावला. तो वैतागला नाही. त्यानं थेट आईकडे बघून विचारलं, ‘‘काय चालतं?’’

आईनं बोटांवर मोजत सांगितलं आणि मी इंग्रजीत केलं: बटाटा, रताळं, दूध, तूप, जिरं, दाणे.

‘‘एवढं तर हीप्स झालं, रग्गड,’’ तो म्हणाला.

त्यानं लोणी कढवून तूप केलं, त्यात बटाट्याच्या पातळ चकत्या रचून खरपूस भाजल्या. कुमरा, म्हणजे इथलं रताळं, दुधात शिजवून घोटलं, वर दाण्याचा कूट. माझ्या पाच पदार्थांपेक्षा तिचीच बशी देखणी होती. आई सावकाश, टेकून बसून जेवली. इतक्या दिवसांनी तिला तसं जेवताना मी बघत होते.

नंतर तो कॉफी घेऊन आमच्याजवळ बसला. सोळाव्या वर्षी लियाँमध्ये कांदे सोलण्यापासून सुरुवात, मग पॅरिस, मोठं नाव. पण तिथे भिंतीआडच्या स्वयंपाकघरातून जेवणारे दिसायचेच नाहीत, म्हणून इकडे आला. आईनं मला विचारायला लावलं, ‘‘घरी कोण करतं?’’

‘‘मीच. एकटाच असतो. सोमवारी बंद असतं, तेव्हा टेबलावर कापड अंथरतो, सूप करतो, बसून जेवतो. अनोळखी माणसांसाठी जपून रांधायचं आणि स्वतःला उरलंसुरलं? मग मी कसला शेफ?’’

मी मराठीत सांगितलं. आईनं मांडीवरचा रुमाल नीट घडी करून ठेवला. निघताना तिनं त्याला हात जोडले.

परतीच्या वाटेवर ती झोपली होती. मला वाटलं, तेही पालथ्या घड्यावरच गेलं.

आता तिला जाऊन महिना झालाय. फार्मसीतल्या कामावरून घरी आले की मी तिला फोन करते, तेव्हा तिकडे दुपार असते. एरवी पहिल्या रिंगला उचलायची. परवा बराच वेळ वाजला.

‘‘काय गं, बरी आहेस ना?’’

‘‘पान वाढून बसलेय. अळूची भाजी गार होईल. नंतर कर,’’ म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

त्या शेफचे मी मनातल्या मनात किती आभार मानले, त्याला कधी कळणार नाही.